उदाहरणादाखल एक घर

१२ जाने., सोम.
उपायुक्त मॅडमनी आज केबिनमध्ये बोलावून मिळकतकराच्या प्रस्तावित वाढीविषयीच्या नागरिक-सभा माझ्याकडे सोपवल्या. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील सोसायट्या, शिवाय अलीकडे हद्दीत आलेले पिंपळखोरे गाव. प्रस्ताव अजून महापालिकेच्या मुख्य सभेपुढे जायचा आहे. त्याआधी लोकांना तो नीट समजावून सांगणे व हरकती मागवणे, एवढे काम. मी विचारले, "मीच का?" मॅडम म्हणाल्या, "साळवे, बाकीच्यांचं बोलणं लोकांना ऐकू येतं. तुमचं समजतं."
इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी सरळ प्रशंसा प्रथमच. ती वारज्यापर्यंत, म्हणजे घरापर्यंत, टिकली. सुनंदा म्हणाली, "म्हणजे शिव्या खायला सगळ्यात स्वच्छ उच्चारांचा माणूस निवडला."

१४ जाने., बुध.
कार्यालयात तीळगूळ. कर विभागात 'गोड बोला' हे वाक्य उच्चारताना सर्वांचे चेहरे पाहण्यासारखे.
संध्याकाळी घरी भाषणाची तालीम. श्रोता एक: सुनंदा. शाळेतून निवृत्त झाली तरी ऐकताना तिचा हात लाल पेन शोधत असतो. करपात्र रक्कम, तिच्यावरील दर, सवलती, मग वाढ, असा माझा क्रम होता. तिने मध्येच थांबवले. "अहो, 'करपात्र' या शब्दाला निम्मे लोक चहाला उठतील. एक घर काढा. कुणाचं तरी घर डोळ्यांसमोर असलं की माणूस ऐकतो."
सूचना योग्य. पाठांतर रद्द.

१६ जाने., शुक्र.
घर तयार. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर पट्टीने आखले. मालक श्री. अ. ब. क. तळमजल्यावर दोन खोल्या, तेथे मालक स्वतः राहतो: एक दर. पुढे पिठाची गिरणी: दुसरा दर. वर चार खोल्या भाड्याने, जिना बाहेरून: तिसरा. बाजूला पत्र्याचा गोठा. त्याची आकारणी वेगळी, म्हणून त्यात एक म्हैस. हेतू असा की प्रत्येक प्रकारच्या वापराचे उत्तर एकाच चित्रात मिळावे. कोणाचेही घर समोर ठेवून काढलेले नाही. सर्व शक्यता एकत्र केल्या, इतकेच.
सुनंदाचे मत: म्हैस चांगली आली आहे.

१७ जाने., शनि.
कर्वेनगरच्या सोसायटीत पहिली सभा. उत्तम. क्लब हाऊसमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. पहिल्या रांगेत एक वयोवृद्ध गृहस्थ, डोळे मिटून. झोपले असावेत असा माझा समज. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "वाढ का हवी ते कळलं. आता ती का नको, हेही असंच सुरेख सांगा."
हरकत कशी लिहावी ते सांगितले. एका हरकतीत एकच मुद्दा, आपल्या मिळकतीचा तपशील, आणि 'जिझिया' हा शब्द टाळावा.
"आपण नक्की महापालिकेचेच ना?" गृहस्थ.
"होय."
"मग सांभाळून राहा."
घरी परत येताना उगाच शीळ घालत होतो. पार्किंगमध्ये वॉचमनने वळून पाहिले.

१८ जाने., रवि.
सकाळी विहारात वंदना. तेथून थेट पिंपळखोरे. खंडोबाच्या देवळापुढच्या सभामंडपात सभा. प्रथम शाल-श्रीफळ. भांडायच्या आधी सत्कार करण्याची पद्धत मला आवडली; माणूस हातात नारळ धरून फार ताठ राहू शकत नाही. शाल परत केली, नारळ देवापुढे ठेवला.
कागद उलगडला. माना पुढे आल्या. मग मागून कोणीतरी, "आरं, म्हस बी हाय!" आणि प्रचंड हशा. त्यापुढे प्रत्येक वाक्याला हशा. गिरणीला हशा, जिन्याला हशा. इतका दिलखुलास श्रोतृवर्ग मला कधी लाभला नव्हता. प्रश्न मात्र एकही नाही.
कोपऱ्यातल्या खांबाशी बसलेले एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ तेवढे हसत नव्हते. सभा संपायच्या आत उठून गेले. प्रकृती ठीक नसावी.

२० जाने., मंगळ.
प्रकृती ठीक होती.
तेच गृहस्थ आज कार्यालयात. शंकरतात्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, माझं घर तेवढं कागदावरून काढा."
मला बोध होईना.
"दोन खोल्या खाली. म्होरं गिरणी. वर चार. जिना बाहेरनं. अन् म्हस." जरा थांबून, "म्हशीचं तोंड बी तिकडंच केलंय तुम्ही, जिकडं तिचं आसतं."
मी म्हणालो, आपले घर मी पाहिलेलेही नाही. तात्या म्हणाले, "मला पटतं हो. गावाला कोण पटवणार?" गावाचे म्हणणे असे: तात्या शिकलेला, सरकारी नोकरी केलेला, साहेब लोकांत ऊठबस. त्यानेच घराची मापे पालिकेला दिली. स्वतःला सूट मिळवणार आणि बाकीच्यांचीही घरे दाखवणार. देवळाच्या पारावर तो बसला की माणसे उठतात. तेही चालले असते. पण भिंतीला भिंत लागून राहणारा सख्खा धाकटा भाऊ दत्तू बोलेनासा झाला.
"दूध माझ्याकडनं जायचं त्याच्या घरी. रोज. परवापासून पिशवी आणतोय." तात्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली. "म्हशीच्या दारावरनं पिशवी घिऊन जातो साहेब. मला दिसंल अशी."
चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.
श्री. अ. ब. क. यांचा पत्ता सापडेल असे वाटले नव्हते.

२१ जाने., बुध.
रात्रीच्या जेवणात सुनंदाला सर्व सांगितले. हसेल असे वाटले होते. "तुमच्या म्हशीने दोन भाऊ तोडले," एवढेच म्हणाली आणि ताट उचलले.
रविवारी त्याच गावाच्या वरच्या वस्तीत सभा आहे. कागदावरील घर बदलणे भाग.

२४ जाने., शनि.
नवे घर. म्हैस काढली. गिरणीऐवजी किराणा दुकान. वर चारऐवजी तीन खोल्या. जिना आतून. गच्चीवर पत्र्याची शेड. काळजीपूर्वक पाहिले, तात्यांच्या घराशी साम्य नाही.
सुनंदा कागदाकडे पाहून म्हणाली, "हे कुणाचं?"
"कुणाचंही नाही."
"मागचंही कुणाचं नव्हतं."

२५ जाने., रवि.
माजी सरपंचांचे निघाले.
कागद उलगडताच ते स्वतः उभे राहिले. धिप्पाड, पांढरे कपडे, आवाजाला माइकची गरज नाही. "आमच्या गच्चीवर कोण चढलं होतं?" मी सांगितले, कोणीही नाही, हे केवळ उदाहरण आहे. "काल तात्या, आज मी. उद्या कुणाचं उदाहरण हाय, आत्ताच सांगा, म्हंजी त्यो घरी थांबंल!" हशा झाला. यावेळी मला तो समजला.
निघताना कानावर पडले: "आता कळलं. तात्यानं सगळ्या गावाची मापं दिल्यात."
म्हणजे सुधारणा करायला गेलो आणि एका घराचे प्रकरण साऱ्या गावाचे करून ठेवले. वाणिज्य शाखेत शिकताना अशा तोट्याला काय म्हणत ते आठवत नाही. आठवून उपयोगही…

२६ जाने., सोम.
कार्यालयात झेंडावंदन. नंतर, खाजगी भेट म्हणून, रिक्षाने पिंपळखोरे. तात्यांच्या आळीत शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. एका रांगेत तेच घर. पुन्हा तेच घर. पुढे गिरणी किंवा दुकान किंवा सलून, वर खोल्या, बाहेरून जिना. वाळत घातलेल्या जीन्स. वरच्या गॅलऱ्यांतून कानात वायरी घातलेली मुले, सुट्टी म्हणून उशिरा उठलेली.
तात्या दारातच होते. त्यांनी उलगडा केला. हिंजवडीला कंपन्या आल्या, मुलांना राहायला खोल्या लागू लागल्या, तेव्हा गावात पहिले घर तात्यांनी बांधले. गवंडी एकच. मग जो तो त्याला सांगू लागला, "तात्यासारखं बांध." कुणी गच्चीवर शेड वाढवली, कुणी जिना आत घेतला. बाकी सर्व तेच.
मी म्हणालो, "मग हे गावाला सांगा! प्रश्नच मिटला."
तात्या म्हणाले, "साहेब, मी म्हणायचं की सगळ्यांच्या वर भाड्याच्या खोल्या हायत? करवाल्या साहेबापुढं?"
खरेच. त्यांनी हे उच्चारले की तेच खबर देणे. मी उच्चारले की ती पाहणी. निम्म्या खोल्यांची आमच्याकडे नोंदही नसणार. निर्दोष माणसाला निर्दोष ठरवणारी गोष्ट आम्हा दोघांनाही बोलता येत नाही. बोलू शकतात ते बाकीचे. आणि ते कशाला बोलतील?
शेजारच्या दारात एक जाड मिशांचा माणूस सायकल पुसत होता. दत्तू. माझ्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले नाही. भिंत एकच आहे दोघांची. तिच्यात अलीकडच्या बाजूने खुंटी आहे, खुंटीला तात्यांची छत्री.

२९ जाने., गुरु.
रविवारी पिंपळखोऱ्यात शेवटची सभा. पुन्हा देवळातच. कोणते घर न्यावे? जे काढीन ते तेथे कोणाचे तरी असणार.
सुनंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आपलं न्या."
"आपले?"
"वारज्याचा फ्लॅट. तो त्यांच्यातल्या कुणाचा निघणार नाही, एवढी खात्री आहे ना?"
तासभर विचार केला. नियमात बाधा नाही. स्वतःच्या मिळकतीची माहिती स्वतः द्यायला कोणाची परवानगी? सुनंदाची मात्र एक अट: स्वयंपाकघराचे माप मोठ्याने वाचायचे नाही.

१ फेब्रु., रवि.
आज बरेच घडले. क्रमाने.
मंडप भरलेला. वरच्या वस्तीचेही आले होते. बायका एका बाजूला. तात्या खांबाशी एकटे. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी.
कागद उलगडला. म्हणालो, हे माझे घर. दुसरा मजला, दोन खोल्या, हॉल, एवढे क्षेत्र, आजचा कर इतका, प्रस्ताव मंजूर झाला तर इतका. मलाही भरावा लागेल. कुजबुज थांबली. लोक पुढे सरकून पाहू लागले. पहिल्या सभेत एकही प्रश्न नव्हता, आज थांबेनात. लिफ्टचा कर निराळा का? बंद बाल्कनी धरतात का? एका आजीबाईंनी कागदावर बोट ठेवले, "ह्ये काय?" "स्वयंपाकघर." "येवढंसं? अन् बायको काय म्हनती?" मी म्हणालो, हेच माप वाचू नका, असे म्हणते. बायकांत जो हशा उसळला! अट उघड केली, पण माप सांगितलेले नाही, हे नमूद करतो.
वाढ का, किती, कोणावर नाही, हरकत कुठे द्यायची. सर्व पोचले. मला तसे दिसत होते. एकाने स्पष्ट सांगितले, "कळलं साहेब. कळलं म्हणूनच हरकत घेनार." मी म्हणालो, अवश्य.
मग माजी सरपंच उठले. "साहेब, आज तुम्ही सोताचं घर दाखवलं, मान्य. मग त्या दिवशी तात्याचं कसं कळलं?"
मी सांगितले, मनाने रचले. कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या जागी मीही ठेवला नसता. म्हशीच्या तोंडासकट कोण रचतो?
"मग तात्यानं बेल-भंडार उचलावा," कोणीतरी म्हणाले. "देवापुढं. मापं दिली नाहीत म्हणून." लगेच चारी बाजूंनी, "उचलू द्या, उचलू द्या."
पुजाऱ्याने ताट आणले. बेलाची पाने, हळद. मी मध्ये पडायला गेलो, तात्यांनी हाताने थांबवले. उठले. टोपी नीट केली. चपला आधीच बाहेर होत्या, तरी पायांकडे एकदा पाहिले. देवाची शपथ ही साधी गोष्ट नाही, आणि खऱ्या माणसाला ती घ्यायला लावणे तर… तात्यांनी हात पुढे केला.
"तात्या, थांब."
दत्तू. मागच्या रांगेतून, माणसांच्या खांद्यांना हात लावत पुढे आला. भावाचा हात धरून ताटावरून बाजूला केला. मग माझ्याकडे वळला.
"माझंबी घर तसंच हाय. वर चार खोल्या, जिना बाहेरनं. पोरं हिंजवडीच्या बसला जात्यात. गवंडी येकच व्हता, तात्याचं बघून बांधलं." मग गावाकडे तोंड करून, "तुमचं येगळं हाय काय रं? बोला की! का म्हाताऱ्याला भंडार उचलाय लावताय?"
मग आजीबाई बसल्या जागेवरून, "आमचं बी तसलंच. फकस्त म्हस नाय." एकजण हसला. आणखी एकाने हात वर केला, "शेड तेवढी जास्तीची." मग हात वर होतच गेले, शाळेत होतात तसे. माजी सरपंचांनी छताकडे पाहिले. शेवटी म्हणाले, "बसा खाली सगळे. साहेब लिहून घेतील." आणि स्वतःच हसले.
सर्वांचे डोळे माझ्या हातातल्या पेनकडे. टोपण लावून ते खिशात ठेवले. म्हणालो, "आज मी समजावून सांगायला आलो आहे, मोजायला नाही. पण मी ऐकलेच नाही, असे मला म्हणता येणार नाही. जे खरे आहे ते आपण आपल्या पायांनी येऊन नोंदवावे."
दत्तूने मान डोलावली. कशाला होकार दिला ते कळले नाही. तात्या त्याच्या शेजारी खाली बसले. त्यांच्यात बोलणे नाही. पण मधली जागा भरली होती.

२ फेब्रु., सोम.
मॅडमना झाले ते जसेच्या तसे सांगितले. त्या पेपरवेट फिरवत ऐकत होत्या.
"म्हणजे अख्ख्या गावाने तुमच्यासमोर कबूल केलं."
"एका माणसाचे नाव राखण्यासाठी."
"नियम काय म्हणतो?"
"पाहणी करावी लागेल."
"लागेलच. पण पाहणीचं पथक सध्या दुसऱ्या भागात आहे. तिकडचं काम उरकून मग पिंपळखोरे. तोवर जो स्वतःहून येईल त्याची नोंद आधी घ्या." मी दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "साळवे, पुढच्या वेळी उदाहरणात मंगळावरचं घर काढा."

६ फेब्रु., शुक्र.
हरकतींचा ओघ. पिंपळखोऱ्याच्या हरकती वाचून धन्य झालो. एकेका अर्जात एकच मुद्दा, मिळकतीचा तपशील, भाषा सभ्य. साऱ्या क्षेत्रीय कार्यालयात इतक्या शिस्तीच्या हरकती दुसरीकडून आलेल्या नाहीत. वाढीच्या बाजूने बोलायला मी गेलो होतो, हे ध्यानात घेता…
एक हरकत माझ्याच फ्लॅटविषयी. दहा-बारा बायकांच्या सह्या व अंगठे. 'स्वयंपाकघर फार लहान असल्याने सदर घरास वाढ लावू नये.' घरी वाचून दाखवली. सुनंदाने कागद मागून घेतला, पुन्हा वाचला, डोळे पुसले. हसून की कसे, विचारले नाही. अर्थात ती अमान्य करावी लागेल. अर्जदार मिळकतधारक नाहीत.
स्वतःहून नोंदीसाठी अद्याप कोणी आलेले नाही.

१० फेब्रु., मंगळ.
दुपारी दोघे भाऊ आले. तात्या पुढे, दत्तू मागे. बाकावर शेजारी बसले. तात्या म्हणाले, "याच्या वरच्या खोल्यांची नोंद करायची. माझी हाय, याची नव्हती."
अर्ज काढून दिला. दत्तूने नाव लिहिले, पत्ता लिहिला, खोल्या लिहिल्या. सहीपाशी थांबला.
"साहेब, वाढ होनार का?"
"ते मुख्य सभा ठरवील. मला माहीत नाही."
"नाय झाली तर?"
"तरीही नोंद करणे योग्य."
"अन् मी केली, बाकीच्यांनी नाय केली तर?"
याचे उत्तर नियमात आहे. ते मी दिले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ह्ये साहेबाचं झालं. तुमी माझ्या जागी असता तर?"
मी म्हणालो, मी आपल्या जागी नाही, आणि माझा भाऊ माझ्यासाठी तसा उभा राहील की नाही, तेही मला माहीत नाही. काय बोलून गेलो! असे उत्तर कार्यालयात देत नाहीत.
तात्या एकदम म्हणाले, "दत्तू, सही कर. समदे येतील बघ."
"तुला काय ठावं? तुझं समदं पयल्यापासनं सरळ. सरळ मानसाला वाकड्याचं गनित कळत नाय."
"मंजी तू वाकडा?"
"मी शाना!"
"शाना आसतास तर त्या दिशी गप बसला आसतास!"
आवाज चढला. शेजारच्या टेबलांवर माना वर झाल्या. मी बोटाने 'शांतता राखा' ही पाटी दाखवली. दोघांनी ती वाचली, एकमेकांकडे पाहिले, आणि तात्या म्हणाले, "चल, भायेर बोलू." दत्तू मला म्हणाला, "अर्ज ऱ्हाऊ द्या हितंच. फाडू नका."
खिडकीतून चहाची टपरी दिसते. तेथे उभे आहेत अजून. तात्या एक हात कमरेवर ठेवून काही सांगत आहेत, दत्तू जोरजोरात मान हलवतो आहे, नकारार्थी बहुधा. चहावाला दोघांच्या मध्ये ग्लास धरून उभा, कोणाला द्यावा ते त्याला कळत नाही. भांडताहेत की ठरवताहेत, इथून ओळखू येत नाही. इतके खरे की, दोघेही एकाच वेळी बोलत आहेत.
अर्ज माझ्यासमोर. सही सोडून सर्व भरलेले. कार्यालय सुटायला अजून वेळ आहे. वारा येतो म्हणून कागदावर पट्टी ठेवली.